हळदीची बशी आणि मेईचा गाल

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि माझी रीत जरा उलटी आहे. माझे भाऊबंद वरून खाली बघतात, माझी भिंगं मात्र बशीच्या खाली बसून वर बघतात. जिवंत पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात. त्यांना बघायचं तर असंच बघावं लागतं.

माझी भिंगं दूरच्या एका कारखान्यात घासली गेली. शिलाँगपलीकडच्या डोंगरात, जोवाईच्या कॉलेजात मी आलो तेव्हा माझ्यावरचं कापड काढायला खुद्द प्राचार्य आले होते. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. आमच्या डोंगरातला ओलावा कुणाला सोडत नाही. भिंगांवर बुरशी चढली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मला पुन्हा उजेडात आणलं ते इबानरी शाडाप या संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीने. नव्या यंत्रावर मोठ्या संशोधकांचाच ताबा, हिचा नंबर लागेना. तिने माझी भिंगं पुसली आणि कामाला बसली. आमच्याकडच्या लाकाडाँग गावच्या हळदीतला पिवळा अर्क गालाच्या कर्करोगाला पसरण्यापासून अडवतो का, हे तिला बघायचं होतं. बशीत त्या कर्करोगाच्या पेशींचा थर वाढवायचा, बारीक टोकाने मधोमध पेशी खरवडून रेघ ओढायची आणि पेशी ती मोकळी वाट व्यापतात का ते बघायचं. साध्या बशीत दुसऱ्या दिवशी वाट बुजलेली असायची. हळदीच्या बशीत ती बरीचशी मोकळी राहायची.

आता गंमत ऐका. हे बघताना इबानरीच्या स्वतःच्या गालात क्वाय असायची. क्वाय म्हणजे ओली सुपारी आणि चुना लावलेलं पान. ती दिल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत होत नाही, आणि माणूस गेला की म्हणतात, तो देवाच्या घरी क्वाय खातोय. प्रयोगशाळेत खायला बंदी होती, सुपारीने गालाला काय होतं हे ती शिकलेलीही होती. पण कळतं ते वळत नाही.

अशात तिच्या आईच्या, मेईच्या, गालात जखम झाली. शिलाँगच्या डॉक्टरांनी तुकडा तपासला. कर्करोग होता, पण लवकर सापडला होता. शस्त्रक्रिया करून घ्या, वेळ घालवू नका, असं त्यांनी बजावलं. मेई हटून बसली. लेकीनेच घरी हळदीचे गोडवे गायले होते ना! मेई रोज स्वतःच्या शेतातल्या हळदीचा काढा प्यायची आणि वर क्वाय चघळायची. आमच्याकडे घर धाकट्या लेकीला मिळतं आणि आईला सांभाळायचंही तिनेच; इबानरी धाकटी. पोरगी काळजीने सुकत चालली.

एका दुपारी ती मेईला घेऊन आली. मेईने पिशवीतून क्वाय काढून माझ्यापुढे ठेवली. "याच्या घरी आलेय, रिकाम्या हाताने कशी बसू?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी माणसात धरलं.

इबानरीने तिला साधी आणि हळदीची अशा दोन्ही बशा दाखवल्या.

"हळदीच्या बशीत वाट मोकळी आहे की," मेई म्हणाली. "मी काय वेगळं सांगत होते? मग कापाकापी कशाला?"

"आता ही तिसरी बघ. हिच्यातही तेवढीच हळद आहे. फक्त उशिरा घातली, पेशींनी वाट भरून टाकल्यावर."

"मग त्या मागे का नाही हटल्या?"

"हळद त्यांना अडवते, मेई, आणि तेही या बशीत. शिरलेल्यांना हाकलत नाही. शिवाय बशीत घातलीय तेवढी तुझ्या काढ्यातून गालापर्यंत पोचतच नाही."

मेईने पुन्हा डोळा लावला. तिची पापणी माझ्या काचेला लागत होती.

"डुक्कर शेतात शिरल्यावर कुंपण घालत बसायचं नसतं," ती हळूच म्हणाली. "आधी ते बाहेर काढायचं."

"तेच तर सांगतेय."

"हे आधी सांगायला काय झालं होतं? नुसतं हळदीचं कौतुक करत होतीस."

इबानरी रडायला लागली. "चुकलं माझं, मेई."

"पूस डोळे. देवाच्या घरी क्वाय खायची मला घाई नाही. शिलाँगची गाडी कधी आहे ते बघ."

नव्या हळदीचे काप वाळले तेव्हा मेई शस्त्रक्रिया करून पुन्हा माझ्याकडे आली. गाल आत गेला होता, शब्द जड येत होते, पण आली आपल्या पायांनी. सवयीने तिचा हात पिशवीत गेला. क्वाय नव्हती. तिने हळदीचा एक वाळका काप काढून माझ्यापुढे ठेवला. मग लेकीकडे वळली.

"तोंड उघड."

इबानरीने मान खाली घातली.

"उघड म्हणते ना. आता थुंक ते."

इबानरी बेसिनपाशी गेली आणि थुंकून आली.

बशीतलं काम अजून चालू आहे, मित्रांनो. हळदीचं खरं-खोटं ठरायला वेळ लागेल, तो लागू द्या. पण गालात बरी न होणारी जखम दिसली तर वाट बघत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. माझं म्हणाल, तर काम झाल्यावर भिंगं पुसून वर कापड टाकत जा. आणि माझ्यापुढे बसाल तेव्हा तोंड रिकामं असू द्या.