घड्याळाच्या मागे पडणारा तापमापक

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. पण मला काच नाही, पारा नाही आणि आकडेही नाहीत. सुपारीएवढा, पिवळ्या मेणात बुडवलेला एक गोळा, एवढेच माझे रूप. माझ्या पोटात एक चपटा सेल आहे, बारीक तारेचे वेटोळे आहे आणि ऊब ओळखणारा मोहरीएवढा एक मणी आहे. मला फक्त टिकटिक करता येते. अंग गरम असेल तर मी भराभर टिकटिकतो, थंड असेल तर सावकाश. तीही तुमच्या कानांना ऐकू येत नाही, जवळ ठेवलेल्या रेडिओतून ऐकू येते.

माझा जन्म २००३ साली मालवणच्या बाजारात, धोंडूच्या दुकानात झाला. धोंडू रेडिओ दुरुस्त करायचा. होड्यांवरचे, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले रेडिओ त्याच्याकडे येत आणि बोलते होऊन परत जात. त्याची बायको सुभद्रा रोज एसटीने ओरोसजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत कामाला जायची. तिथे तापाच्या आजारांचा अभ्यास चाले आणि त्यासाठी गिनीपिग पाळलेले होते. गिनीपिग म्हणजे सशाहून लहान, बिनशेपटीचा प्राणी. सुभद्रा त्यांचे पिंजरे धुवायची, त्यांना गवत घालायची.

त्यांचा ताप मोजायचा म्हणजे एकाने प्राण्याला घट्ट धरायचे आणि दुसऱ्याने काचेची नळी लावायची. प्राणी थरथरायचा. भीतीनेच त्याचे अंग तापायचे, आणि मग आजाराचा ताप किती नि भीतीचा किती, हे कुणालाच सांगता येत नसे. धरायचे काम सुभद्रेकडे होते. त्यांतल्या एका पांढऱ्या गिनीपिगाला ती ढवळो म्हणायची. पूर्वी तिची चाहूल लागली की तो शीळ घालायचा. पुढे तो तिला पाहून कोपऱ्यात दडू लागला. पहिल्यांदा असे झाले, त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

"माका बघून लपता तो," ती धोंडूला म्हणाली. "तुमी रेडिओ बोलते करतास. त्येका हात न लावता त्येचो ताप समजात, असा कायतरी करा."

"रेडिओ येगळो, जनावर येगळा गो."

"येगळा खंय? दोघांकाय पोटातला सांगूक येना नाय. रेडिओचा तुमी काढतास मा भायर?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख वर्षाली मॅडम. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "करून आणा. माझ्या तापमापकाशी जुळला, तर त्या दिवसापासून प्राण्यांना धरणं बंद."

मग दोघे कामाला लागले. माझी तार सुभद्रेने गुंडाळली. तिला अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची सवय होती, त्यामुळे तार तिच्या बोटांत तुटत नसे. मला बांधायचा मऊ पट्टा तिने जुन्या साडीच्या काठाचा शिवला. माझ्या आधी झालेला गोळा जड होता. तो बांधल्यावर ढवळो एका अंगावर कलंडायचा. मी हलका झालो.

माझी चाल लावायला एक बारीक स्क्रू होता. पाण्यात बुडवून चाल लावावी, तर पाणी लगेच निवायचे. म्हणून धोंडूने आपली एक रीत काढली. सुभद्रा मला काखेत धरी, धोंडू रेडिओ लावी, आणि माझी टिकटिक भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाशी जुळेपर्यंत तो स्क्रू फिरवी. निरोगी माणसाचे अंग म्हणजे घड्याळाची चाल. गिनीपिगाचे अंग त्याहून थोडे गरम, तेव्हा त्याच्या अंगावर मी थोडा पुढे धावणार.

"माका काय थर्मामीटर समजलात तुमी?" ती विचारायची.

"तू त्येच्यापेक्षा बरी. काच फुटता, तू फुटनस नाय."

जुलैत सुभद्रा भाताच्या लावणीसाठी माहेरी जाऊन आली. आल्यावर काही दिवसांनी तिच्या पोटऱ्या दुखू लागल्या.

"चिखलात वाकान रवल्यावर दुखतलेच," धोंडू हसून म्हणाला. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. संध्याकाळी शेवटची जुळवणी करायला धोंडूने मला सुभद्रेच्या हातात दिले. तिने मला काखेत धरले आणि मी घड्याळाच्या पुढे धावत सुटलो.

"ह्येका काय झाला? पळता कित्याक?" धोंडू वैतागला.

"नवीन मेणाचो दोष आसतलो," सुभद्रा डोळे मिटून म्हणाली.

मित्रांनो, मेणाचा दोष नव्हता. मी चुकलो नव्हतो. पण टिकटिक सोडून मला दुसरे बोलणे येत नाही. धोंडूने मला घेतले, स्क्रू फिरवला, पुन्हा तिच्या हातात दिले. मी घड्याळाबरोबर चालू लागलो. त्याने वरून मेण ओतले.

सकाळी सुभद्रा उठली नाही. "तुमी जावा," ती म्हणाली. "ढवळ्याक सांगा, आता तुका कोण धरूचो नाय."

प्रयोगशाळेत मला ढवळ्याच्या पोटाला बांधले. तो मोकळा फिरला, गवत खाऊ लागला. रेडिओतून माझी टिकटिक आली, पण फार सावकाश. मॅडमनी त्याला धरून काचेने ताप पाहिला. ढवळो अगदी ठणठणीत होता.

"तुमच्या यंत्राप्रमाणे हा प्राणी गार पडलाय," त्या म्हणाल्या. "कशावर जुळवलात हा?"

"सुभद्रेच्या अंगार."

मॅडमनी लगेच विचारले, "ती कुठे आहे?"

"घराक. पाय दुखतत तिचे. लावणीक गेल्ली."

"धोंडू, यंत्र बरोबर होतं. तिलाच ताप होता, आणि तुम्ही त्या तापावर याची चाल लावलीत. तिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या."

धोंडू घरी पोचला तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. लावणीच्या पाण्यातून येणारा ताप होता तो. मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. इस्पितळात मी धोंडूच्या खिशात होतो.

"ढवळो गवत खाता?" तिने विचारले.

"खाता."

"धरल्यानी त्येका?"

"नाय गो," धोंडू म्हणाला. ते खरे नव्हते.

सुभद्रा घरी परत आली नाही.

पुढे धोंडूने नवे तापमापक केले. ते मॅडमच्या एकसारख्या गरम राहणाऱ्या पाण्यात जुळवले. ते जुळले, आणि मॅडमनी शब्द पाळला. प्राण्यांना धरणे बंद झाले. मला मात्र धोंडूने कुणाला दिले नाही. आज २०१० साल आहे. मी घड्याळाखालच्या फळीवर असतो. माझे मेण काळपट पडले आहे. सेल संपला की धोंडू मेण वितळवून नवा घालतो, पण स्क्रूला हात लावत नाही. मग मला आपल्या काखेत धरतो आणि रेडिओ लावतो. मी घड्याळाच्या मागे पडत राहतो, कारण माझी चाल अजून सुभद्रेच्या तापावर लावलेली आहे. तो ऐकत बसतो.

मित्रांनो, घरातले कुणी "काही नाही, दमले आहे" म्हणाले, तर तेवढ्यावर सोडू नका. त्या संध्याकाळी धोंडूचा हात सुभद्रेच्या कपाळापासून लांब नव्हता. तो माझा स्क्रू फिरवत होता. तुम्ही हातातले काम खाली ठेवा आणि आधी कपाळाला हात लावून बघा.