कापलेल्या बागेचं वादळ

संध्याकाळी सात वाजता यावलच्या बाजारात मोठा पडदा लावलेल्या गाडीवर बातमीपट सुरू झाला आणि तोताराम आबांच्या बागेचं चित्र येताच लोक हसले.

बातमी खरी होती. वादळात आबांची केळीची बाग आडवी झोपली होती. खोटं होतं ते चित्र, आणि ते गाडीसाठी बातम्या टिपणाऱ्या प्रेमराजनं काढलं होतं. नाल्याला पाणी, त्यात गाडी निघायची घाई. म्हणून आबांच्या बागेपर्यंत न जाता त्यानं रस्त्यालगतची दुसऱ्याची बाग टिपली. तिथले घड उतरवून झाले होते, खोडं कापून आडवी टाकली होती. पडद्यावर आडवं ते आडवंच दिसेल, असं त्यानं धरलं. स्वतः केळीवाल्याचा मुलगा असून. वादळानं पाडलेल्या केळीला घड तसाच असतो. इथे एकही घड नव्हता आणि खोडांची तोंडं सपाट होती.

"आबा, तुमच्या वादळाच्या हातात कोयता व्हता का?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. आबा भाजीची पिशवी तिथेच विसरून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज ती पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेला. आबांच्या बायकोनं, बेबाबाईंनी, चहा दिला. आबांनी नुकसानीचं सोंग केलं असं गाव म्हणतं, हे बेबाबाईंनीच सांगितलं. प्रेमराजनं चूक कबूल केली. त्याला वाटलं होतं, आबा शिव्या देतील. तेवढंच हलकं वाटलं असतं.

"मले नको सांगू," आबा म्हणाले. "मले माहीत हाये. ज्याहीनं पाह्यलं, त्याहिले सांग."

मग प्रेमराज चपला हातात घेऊन नाल्यातून गेला. घडांसकट मोडलेली बाग त्यानं टिपली आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात एक वाक्य टाकलं: मागच्या वेळी दाखवलेली बाग तोताराम आबांची नव्हती, चूक माझी.

जळगावच्या ऑफिसातून, बातमीपट जोडणाऱ्या मोहिनीताईंचा फोन आला. चित्र चांगलं आहे, पण पहिलं वाक्य काढावं लागेल. नाहीतर लोक आपली कुठलीच बातमी खरी धरणार नाहीत. वाक्य राहू द्या, त्यानं विनवलं. बघते, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या बाजाराला गाडी दुपारी जळगावहून निघाली. बातमीपटात ते वाक्य आहे की नाही, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. हे सांगायला प्रेमराजनं आबांना फोन लावला. तो बेबाबाईंनी उचलला.

आबा बाजाराला निघाले होते. पिशवी न घेता, फक्त पडदा पाहायला.