हवालदाराचं शिक्षण

खरेदी विभागात अठरा वर्षं काढलेला माणूस घरी आला तरी खरेदी विभागातच असतो. आमच्या खरेदीसाहेबाचं तसंच होतं. साधा खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवायची, तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दराखाली लाल रेघ ओढायची. "माझ्या वेळी किती मागवली होती?" असं बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाला, "तीनच. बाकीच्या दोघी परवडल्या नाहीत."

आता प्रश्न कुत्र्याचा होता. कुत्रा अप्पांचा, म्हणजे साहेबाच्या वडिलांचा. नाव हवालदार, कारण दारात कोण आलं, कोण गेलं यावर त्याच्याइतकं कोणाचंच लक्ष नसे. अप्पांचं पूर्वी चपलांचं दुकान होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला "बस, बस" म्हणत स्टुलावर टेकवायचं आणि बोलता बोलता मापाचा नसलेला जोडाही त्याच्या गळ्यात मारायचा, अशी त्यांची ख्याती. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि एवढ्या बोलघेवड्या माणसाची वाचा गेली. उरला एकच शब्द: बस. भूक लागली, बस. पाणी हवं, बस. दुखलं, बस. वाढणाऱ्या सुनेला थांबवायचं, तेव्हाही बस. तेवढाच काय तो अर्थाला धरून. बाकीचे अर्थ लावत बसायला घरात कोणाला सवड नव्हती. ते लावायचा हवालदार. हळू, लांबवलेला "बऽऽस" कानावर आला की असेल तिथून उठून यायचा आणि अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवायचा. सबंध दिवसात अप्पांना उत्तर देणारा घरात तो एकटाच.

भानगड झाली ती व्यायामामुळे. अप्पांचा हात हलवायला एक ताई रोज सकाळी येत. हात वर गेला की अप्पा कळवळायचे आणि हवालदार ताईंची बाही धरायचा. तिसऱ्यांदा बाही फाटली तेव्हा ताई म्हणाल्या, "एकतर हा कुत्रा, नाहीतर मी."

"महिन्याभरात त्याला वळण लावा," बायकोने साहेबाला बजावलं, "नाहीतर गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून या."

अप्पा खुर्चीतून चार वेळा बस म्हणाले. काय म्हणायचंय, हे कोणी विचारलं नाही.

साहेबाने नेहमीच्या शिरस्त्याने तीन कोटेशनं मागवली. पहिलं शहराबाहेरच्या एका शाळेचं. तिथे कुत्र्यांना पोहायचा तलाव होता, शेवटी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळायचं, आणि दर असा की त्यात माणसाचं पोर शिकून बाहेर पडलं असतं. दुसरं कोटेशन एका बाईचं. ती घरी यायची, बारा वेळा, आणि तिचे अठरा हजार.

"पहिले दोन दिवस मी काही शिकवणार नाही," ती म्हणाली. "नुसती बसून ऐकेन. घरात कोण कोणाला काय बोलतं, कुत्रा कशाचा काय अर्थ लावतो."

"ऐकायचेही पैसे?"

"ऐकायचेच जास्त, साहेब. शिकवायला काय, चार शब्द तर असतात."

हे त्याने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगितलं आणि सगळा विभाग पोट धरून हसला.

तिसऱ्याचा दर सहा हजार. एकवीस दिवस कुत्रा त्याच्याकडे, खाणंपिणं त्यातच. साहेब जागा बघायला गेला. मागच्या आवारात सात कुत्रे ओळीने बसले होते. एकही भुंकत नव्हता, एकही शेपटी हलत नव्हती. "ही खरी शिस्त," साहेब मनात म्हणाला. खुंटीवर पट्टे टांगलेले होते आणि त्यांच्या आतल्या बाजूला काटे होते. त्याने बघितले, तेवढ्यात त्या माणसानेही त्याला बघताना बघितलं.

"बोथट असतात," तो म्हणाला. "हुकूम कुठल्या भाषेत शिकवू? इंग्रजीत की आपल्या?"

"दरात फरक?"

"काही नाही."

"मग आपल्याच. घरात कोण इंग्रजी बोलतंय?"

फुकटात मिळालेली ही सोय साहेबाला भारी आवडली. तक्त्यात त्याने ती वेगळ्या रकान्यात लिहिली आणि खाली लाल रेघ ओढली.

एकविसाव्या दिवशी तो माणूस स्वतः हवालदाराला घेऊन आला. घर जमलं होतं, ताईही थांबल्या होत्या. "बस!" तो म्हणाला, आणि पाय कापून टाकावेत तसा हवालदार खाली बसला. बायकोने टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी एकवीस दिवस वाट बघितली होती. आनंदाने त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी डावा हात पुढे केला आणि हाक मारली, "बऽऽस."

हवालदाराने कान पाडले. जागच्या जागी तो थरथरू लागला आणि त्याच्याखाली फरशी ओली झाली. अप्पांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते पुन्हा म्हणाले. हवालदार पोटावर सरपटत मागे मागे गेला आणि पलंगाखाली शिरला.

"घाण केली मेल्याने," बायको म्हणाली, "पण बसला हो लगेच!"

साहेबाच्या डोक्यात प्रकाश पडला तो रात्रीच. सकाळी त्याने त्या माणसाला फोन केला. "तो शब्द काढून टाकता येईल?"

"शिकवलेलं काढत नसतो आम्ही. दुसरा शब्द घालायचा तर पुन्हा एकवीस दिवस, पुन्हा सहा हजार."

अठरा हजारवाल्या बाईचा नंबर त्याच्याकडे होता. पण आता ती दर वाढवणार, शिवाय वर दोन शब्द ऐकवणार. त्याने फोन केला नाही.

चार दिवस अप्पा हाका मारत राहिले. मोठ्याने, हळू, लाडाने, रडून. दर हाकेला हवालदार पलंगाखाली अजून आत सरकायचा. पाचव्या दिवशी अप्पांनी तोंड मिटलं, ते मिटलंच. पाणी मागितलं नाही, कूस बदलायला बोलावलं नाही. व्यायामाच्या वेळी घामाने डबडबायचे, पण हूं नाही की चूं नाही. ताईंना वाटलं, दुखणं कमी झालं. सुनेने माहेरी फोनवर सांगितलं, "घर कसं शांत झालंय गं! पैसे वसूल."

नवव्या दिवशी हवालदार पलंगाखालून बाहेर आला. बाराव्या दिवशी खुर्चीपासून हातभर अंतरावर बसला. सोळाव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने अप्पांच्या डाव्या मांडीवर हळूच डोकं टेकवलं. अप्पा श्वाससुद्धा जपून घेत होते.

तेवढ्यात सून सूपाचं पातेलं घेऊन आली. अप्पांच्या हातात वाडगा दिला आणि खांद्यात फोन दाबून बोलत बोलत ओतू लागली. थांबवणं हे अप्पांचं काम, ही तिची वर्षाची सवय. वाडगा भरला. सूप काठावरून अप्पांच्या बोटांवर आलं, बोटांवरून मनगटावर, तिथून उजव्या मांडीवर. वाफा निघत होत्या. अप्पांनी डोळे गच्च मिटले होते, ओठ दातांखाली धरले होते. हात त्यांनी तसूभर हलवला नाही.

साहेब समोर पेपर वाचत होता. त्याने मान वर केली आणि इतके दिवस हा माणूस गप्प का होता ते त्याला एका क्षणात कळलं. पेपर फेकून तो ओरडला, "अगं, बस!"

बायकोचा हात थांबला. आणि हवालदार मांडीवरून खाली कोसळला, फरशीवर चपटा झाला, ओला झाला, आणि नखं खरवडत पलंगाखाली गेला.

अप्पांनी डोळे उघडले. आधी रिकाम्या मांडीकडे बघितलं, मग मुलाकडे. बोटांवर फोड येऊ लागले होते.

साहेब गुडघ्यांवर बसला. "अप्पा, चुकलं माझं. काहीतरी बोला. शिवी द्या."

अप्पांनी तोंड उघडलं. साहेब त्या एका शब्दाची वाट बघत राहिला. त्याचा काहीही अर्थ असता तरी त्याला चालला असता. अप्पांनी एकदा पलंगाखाली नजर टाकली आणि तोंड पुन्हा मिटून घेतलं.