दुसऱ्यांदा काढलेली पट्टी

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः जिन्याने चढायचा. सराव म्हणून. खांद्यावर हत्यारांची पिशवी, बारा मजले, आणि वर पोचल्यावर आधी हातातल्या घड्याळाकडे नजर. लिफ्ट बंद पडली म्हणून आधीच तापलेले लोक या धापा टाकणाऱ्या माणसाकडे बघतच राहायचे. कंपनीत त्याला 'पळपुट्या' म्हणत. तो हसायचा. मला ते नाव अगदी पटायचं, कारण घरात काही काम निघालं की तो खरोखरच पळायला गेलेला असायचा.

हे मी मायेने सांगते आहे की रागाने, ते माझं मलाच कळत नाही. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचा शेंबूड पुसण्यापासून त्याचं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं माझ्या हातून झालं. एवढं केलं की माणसाला बोलायचा हक्क मिळतो, असं मी धरून चालले होते.

चाळिशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात मॅरेथॉनचं खूळ शिरलं. बेचाळीस किलोमीटर. मी म्हटलं, "अरे, एवढ्या लांब जायचं तर बस आहे की." भावजय हसली, तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. अठरा आठवडे, रोजचे किलोमीटर, झाले की त्यावर फुली. त्यात झोपेचा रकाना नव्हता. पहाटे साडेचारला उठायचं, सातपर्यंत पळायचं, आठला कामावर. दोघा माणसांत साठ लिफ्ट. संध्याकाळी सुटायची वेळ कागदावर होती तेवढीच, कारण कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असायचंच. वर्षाच्या रजा लांब पल्ल्याच्या दिवसांनी खाल्ल्या. रविवारी दुपारी तो जेवता जेवता बसल्या जागी झोपायचा, आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी हळूच त्याच्या हातातला चमचा काढून ठेवायची.

मी इस्पितळात ईसीजी काढते. सव्वीस वर्षं झाली. एक खोली, एक पलंग, एक मशीन, आणि दिवसाला चाळीसएक छात्या. माझ्या टेबलावरून खराब पट्टी कधी डॉक्टरांपुढे गेली नाही, ही माझी शेखी. पेशंट हलला, घाम आला, क्लिप सैल झाली की रेघ वेडीवाकडी येते. मग ती फाडायची, कातडी पुसायची, पुन्हा काढायची. नवे डॉक्टर पट्टी उलटीसुलटी करत बसतात तेव्हा मी हळूच बोट ठेवून दाखवते. मोठे डॉक्टर तर माझ्या पट्टीकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. ते मला आवडतं. नाही कशाला म्हणू?

शर्यतीला दहा दिवस राहिले असताना, गुरुवारी सकाळी पावणेआठला, तो माझ्या खोलीत आला. शर्यतवाल्यांना तब्येतीचा दाखला हवा होता, ईसीजीसकट. रीतसर जायचं तर केस पेपर, रांग, तपासणी, म्हणजे अर्धा दिवस. त्याच्याकडे अर्धा दिवस नव्हता. त्याच्याकडे वीस मिनिटं होती, आणि खाली गाडीत त्याचा जोडीदार हॉर्न वाजवत होता.

"ताई, तूच काढ ना. डॉक्टरांची सही तू घेशीलच."

"आता बरी आठवण झाली ताईची," मी म्हटलं. पण आतून मला गंमत वाटली. या पळण्याच्या भानगडीत त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. चार महिने मी टोमणे मारत होते, आणि शेवटी घोडं माझ्याच दारात येऊन थांबलं होतं.

तो शर्ट काढून आडवा झाला. पार हाडकला होता. मी क्लिपा लावत असताना छताकडे बघत म्हणाला, "मध्ये दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदा बुटाची नाडी बांधताना."

"झोपतोस किती?"

"पाच तास. कधी साडेचार."

"मग अंधारी नाही येणार तर काय दिवे लागणार?"

तो हसला. "हलू नकोस," मी दरडावलं आणि बटण दाबलं.

नाडी एकेचाळीस. पळणाऱ्या माणसांचं हृदय सावकाश चालतं, हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. मग पट्टीच्या शेवटी एक मोकळी जागा आली.

ती जागा कशी होती ते नीट सांगते. पट्टीवर आधी एक छोटी टेकडी येते, मग उंच सुळका. टेकडी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याने खाली धाडलेला निरोप, सुळका म्हणजे खालच्या कप्प्याने दिलेला ठोका. त्या मोकळ्या जागेत सुळका नव्हता. टेकड्या होत्या. एक, दोन, तीन. वरून तीन निरोप आले आणि खालून एकाचंही उत्तर गेलं नाही. मग चौथ्याला ठोका पडला आणि रेघ पुन्हा मुकाट्याने चालू लागली.

"क्लिप सुटली वाटतं," मी म्हटलं.

क्लिप सुटली असती तर टेकड्याही दिसल्या नसत्या. दरवर्षी शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते. त्या चुकल्या तर त्यांचा पाणउतारा करते. पण त्या सकाळी त्याला घाम आलेला होता, तो पळत पळत जिना चढून आला होता, खाली हॉर्न वाजत होता, आणि माझा हात सव्वीस वर्षांच्या सवयीने पुढे झाला. मी पट्टी फाडली, चुरगाळली, बादलीत टाकली. त्याचं मनगट स्पिरिटने पुसलं, क्लिप घट्ट केली आणि पुन्हा काढली.

दुसरी पट्टी छान आली. सरळ, सुबक, एकही खाडा नाही.

पहिली मला दिसली नव्हती असं मी म्हणणार नाही. दिसली. फक्त ती खरी मानली असती तर पुढे काय ते मला माहीत होतं. मोठे डॉक्टर चोवीस तासांचं मशीन छातीवर बांधायला लावणार, पळणं बंद, लिफ्टच्या पोकळीत उतरणं बंद, शर्यत गेली. अठरा आठवड्यांच्या फुल्या पाण्यात. एवढं सगळं एका मोकळ्या जागेवरून त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. दुसरी पट्टी चांगली आली, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं, सर."

त्यांनी सही केली. मी दाखला त्याच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "जा, मर पळून." आमच्या घरात असंच बोलतात.

शर्यत त्याने पूर्ण केली. चार तास अडतीस मिनिटं. आम्ही सगळे शेवटच्या वळणावर उभे होतो. तो आला तेव्हा चेहऱ्यावर मीठ सुकलं होतं, ओठ पांढरे पडले होते, आणि तो मुलीला शोधत होता. मग फुटपाथवर बसून त्याने बूट काढले आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी मी एकही टोमणा मारला नाही. सोमवारी रजा शिल्लक नव्हती म्हणून लंगडत कामावर गेला. मंगळवारी सकाळी पावणेअकराला तो पडला.

नऊ मजली इमारत, शेजारी शेजारी दोन लिफ्ट, मधे भिंत नाही. हे लोक लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करतात आणि कमरेचा पट्टा वरच्या आडव्या लोखंडाला अडकवतात. काम संपवून बाहेर यायचं तेव्हा पट्टा सोडायचा, वळायचं, आणि एक पाऊल टाकून मजल्यावर. त्या एका पावलापुरता माणूस मोकळा असतो. तो बाजूच्या लिफ्टच्या पोकळीत गेला. सहाव्या मजल्यावरून.

त्याला आमच्याच इस्पितळात आणलं. माणूस गेला हे कागदावर लिहायच्या आधी एक पट्टी काढावी लागते. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही थांबा, दुसरं कुणी काढेल." मी म्हटलं, "मी काढते." क्लिपा मीच लावल्या. रेघ सरळ आली, काठापासून काठापर्यंत. ती पुन्हा काढायची गरज पडली नाही.

चौथ्या दिवशी त्याचा जोडीदार घरी आला. वयाने पोक्त माणूस, सगळे त्याला 'काका' म्हणतात. दारातच उभा राहिला, आत येईना. मी त्याला जिन्यावर नेऊन बसवलं.

"मी समोर होतो ओ," तो म्हणाला. "माझ्या हातात टॉर्च होता. उजेड त्याच्यावरच होता. पट्टा सोडला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला लागला, आणि गेला."

"पाय घसरला?"

काकाने मान हलवली. "तीस वर्षं झाली मला या कामात. घसरणारा माणूस काहीतरी धरायला जातो. दोरी, पत्रा, हवा, काहीही. ओरडतो. यानं हातसुद्धा हलवला नाही. बोलता बोलता तोंड तसंच राहिलं आणि आडवा झाला. मी साहेबांना सांगितलं हे. ते म्हणाले, थकलेला होता, दोन दिवसांपूर्वी बेचाळीस किलोमीटर पळालेला माणूस, पट्टा लावायचं विसरला. तसंच लिहिलं त्यांनी."

तो आणखी काही सांगत होता. मला तीन टेकड्या दिसत होत्या.

दोन दिवसांनी कंपनीचे साहेब स्वतः आले, फाइल घेऊन. सभ्य माणूस होता, पाणीसुद्धा अर्धाच पेला प्यायला. त्यांनी विचारलं, "त्यांना तब्येतीची काही तक्रार होती का? चक्कर वगैरे?" भावजय काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच फाइलमधून एक कागद काढला. माझाच दाखला. शर्यतीनंतरच्या सोमवारसाठी केलेल्या रजेच्या अर्जाला त्याने त्याची प्रत जोडली होती, आणि ती रजा मिळालीही नव्हती. "हृदय उत्तम," ते वाचत म्हणाले. "म्हणजे तब्येतीचा प्रश्नच येत नाही." आणि त्यांनी एका रकान्यात लिहिलं: निष्काळजीपणा. मी तिथेच बसले होते. त्यांचा उरलेला अर्धा पेला उचलून मी आत नेला.

त्याच आठवड्यात मुलगी शाळेतून आली आणि दप्तरासकट पलंगाखाली जाऊन बसली. वर्गात कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझ्या बाबांनी पट्टाच लावला नव्हता, माझे बाबा सांगत होते. गॅसचं बटण दोनदा तपासल्याशिवाय घराबाहेर न पडणारा तिचा बाप. आता जन्मभर त्याच्या नावापुढे हेच राहणार होतं, आणि ते खोटं का आहे हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

मग मात्र मला राहवेना. शनिवारी दुपारी गेले. भावजय स्वयंपाकघरात त्याचे कामाचे शर्ट इस्त्री करत होती. कशासाठी ते मी विचारलं नाही. मी उभ्यानेच सांगायला लागले, कारण बसले असते तर धीर सुटला असता. पहिली पट्टी, मोकळी जागा, क्लिप, बादली, दुसरी पट्टी. काहीही झाकलं नाही. त्याला चक्कर आली, तो विसरला नाही, त्याची चूक नव्हती, चूक माझी होती. सोमवारीच मी मोठ्या डॉक्टरांना आणि त्या साहेबांना हे लिहून देणार आहे, माझी नोकरी गेली तरी चालेल. "तू मला शिव्या घाल," मी म्हटलं. "मार हवं तर. पण पोरीला सांग की तिच्या बाबांनी हलगर्जीपणा केला नाही."

ती ऐकत होती. इस्त्री एका जागी थांबली होती, मी ती उचलून उभी केली. शर्टावर पिवळा डाग उमटला होता.

"कुठला वार होता तो?" तिने विचारलं.

"गुरुवार."

ती बराच वेळ त्या डागावर बोट फिरवत राहिली.

"बुधवारी तो न्हाणीघराच्या दारात पडला होता," ती म्हणाली. "मुलगी घाबरली. ताईला सांगू नकोस म्हणाला, ती पळणं बंद करेल. पण मी ऐकलं नाही. भांडभांड भांडले आणि हृदयाच्या डॉक्टरांची शुक्रवारी साडेनऊची वेळ घेतली. तोही कबूल झाला, ताई. जातो म्हणाला, शर्यत गेली तर गेली."

तिने डाग पडलेला शर्ट घडी घालून बाजूला ठेवला.

"गुरुवारी संध्याकाळी घरी आला तो हसतच. दाखला माझ्या हातात दिला. म्हणाला, ताईनं स्वतः बघितलंय, आता कशाला अर्धा दिवस घालवायचा? मलाही पटलं. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मीच फोन करून वेळ रद्द केली."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो घेतला असता.

"केवढं हायसं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "त्या रात्री किती दिवसांनी शांत झोप लागली होती."