भिंतीपाशी अडलेली शवपेटी

"मागल्या वाटेनं नेऊ गं बाई," म्हातारे क्वाबेनाकाका म्हणाले. "उगाच तमाशा नको."

"का म्हणून मागल्या वाटेनं?" कोनाडू कडाडली. "आई चाळीस वर्षं याच गल्लीतून भाजलेली केळी विकायला गेली. शेवटची जाईल तीही इथूनच. उचला रे!"

गल्लीच्या तोंडाशी सिमेंटच्या विटांची पुरुषभर भिंत उभी होती. नकाशात तिथे रस्ता होता. पण गाव वाढलं, जमिनीला भाव आला, आणि गावच्या मुखियांनी, म्हणजे नानांनी, रस्त्याचाच प्लॉट पाडून व्यापाऱ्याला विकला. कुंपणानंच शेत खाल्लं, तर सांगायचं कुणाला! भिंतीपलीकडे कुमासी शहराकडे जाणारा हमरस्ता, त्याला लागून दवाखाना. जेमतेम दोनशे पावलं. एका मंगळवारी आईच्या छातीत कळ आली, तेव्हा टॅक्सी आत येईना. कोनाडूनं तिला हातगाडीवर घातलं आणि बोळाबोळांतून पाऊण तास ढकलत नेलं. दवाखाना आला तेव्हा आई गेली होती. त्याआधी दोन महिने कोनाडू नानांच्या दारी खेटे घालत होती. नाना म्हणायचे, "बघू."

खांदेकरी भिंतीपाशी अडले. पेटी डगमगली, वळली, आणि थेट अंत्यविधीच्या मांडवात पहिल्या खुर्चीवर बसलेल्या नानांकडे निघाली.

रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पूर्वी इथे प्रेतच दोषी दाखवायचं. पेटी ज्याच्या अंगावर जाईल, त्यानंच जीव घेतला असं समजायचे. सरकारनं ती चाल कधीच बंद केली, पण मनातली भीती कोण बंद करणार?

"अरे, धरा तिला!" नाना किंचाळले. पेटी आणखी दोन पावलं पुढे आली. नानांचा छत्रीवाला छत्री टाकून पळाला.

पुढचा खांदेकरी कोनाडूचा चुलतभाऊ बाफो. तो दातओठ खाऊन पेटी रेटतोय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती पेटीच्या वाटेतून बाजूला झाली.

"पाडा ती भिंत!" नाना घामाघूम झाले. "व्यापाऱ्याचं मी बघतो. पाडा म्हणतो ना!"

घण आले. अर्ध्या तासात भिंत भुईसपाट झाली. नानांच्या जिवात जीव आला, आणि लगेच आवाजात मोठेपणाही.

"बघ पोरी, तुझ्या आईला वाट करून दिली मी."

दोघीचौघींनी माना डोलावल्या. कोनाडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जळो तुमचा मोठेपणा!" ती म्हणाली. "आता तिला कसली घाई आहे, नाना? घाई त्या मंगळवारी होती."