मूठभर हुलगा

माझा थोरला भाऊ सर्जेराव दर खरिपात एक गोष्ट न चुकता करायचा. पाऊस असो, नसो, गायरानातल्या आमच्या तुकड्यावर मूठभर हुलगा तरी टाकायचाच. बहात्तरच्या दुष्काळात जमीन तव्यासारखी तापली होती, तरी त्यानं ती कुदळीनं खरवडली आणि हुलगा फेकला. उगवला अर्थातच नाही. मी तेव्हा शाळेत होतो, मला हसू आलं. तो म्हणाला, "हसू नको बे पंडित. आपल्याकडं सातबारा न्हाई. पीक हाच आपला कागद."

आमचं गाव पालीच्या पुढं, बिंदुसरा धरणाच्या वरच्या अंगाला. गावामागं गायरानाचा माळ आहे. गायरान म्हणजे सरकारी जमीन, गावच्या गुरांना चरायला ठेवलेली. छप्पन साली आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि मेलेली गुरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं आमचं बलुतं बंद केलं. मग वडिलांनी आणि आणखी तीन घरांनी त्या माळावरचे दगड वेचायला सुरुवात केली. जिथं कुसळाशिवाय काही येत नव्हतं तिथं बाजरी यायला लागली. तोवर त्या माळाकडं कुणी फिरकत नव्हतं. बाजरी दिसल्यावर मात्र सगळ्यांना आपापली गुरं आठवली.

नव्वद साली पोळ्याच्या आधी गावानं उभ्या बाजरीत गुरं सोडली. सर्जेराव आडवा गेला, डोक्यात काठी बसली. पोलिसांनी दोन्हीकडच्यांना समज देऊन सोडलं, म्हणजे ज्याचं डोकं फुटलं त्यालाही समज दिली. दिवाळी यायच्या आत तो गेला. गाव म्हणतं, तापानं गेला. गावानं काहीही म्हणावं, गावाला कोण विचारतो.

मी बीडच्या एसटी डेपोत मेकॅनिक. मला नोकरी आहे, म्हणून त्या तुकड्यावर मी कधी हक्क सांगितला नाही. तो कसायची माझी वहिनी, भामाबाई. सर्जेराव गेल्यावरचा खरीपही तिनं चुकवला नाही. तिची एकुलती एक मुलगी माया विद्यापीठात एम.ए. करत होती. आमच्या घराण्यात एवढं शिकलेलं दुसरं कुणी नाही. ती सुट्टीत आली की वहिनी तिची पुस्तकं पदरानं पुसून ठेवायची, आणि पुसताना उलटी धरायची.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात माया तिच्या सरांना घेऊन आली. नाव मल्लिनाथ, बीडच्याच एका कापड दुकानदाराच्या घरातले. कपाळाला भस्म, खांद्याला शबनम. आमच्या घरात मांडी घालून बसले आणि ठेचा-भाकरी मागून खाल्ली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर वहिनीनं त्याचं ऐकलंच नसतं.

सर आमच्या गावाचा अभ्यास करणार होते, आणि मायाचा प्रबंधही त्याच्यावरच होणार होता. त्यांचं म्हणणं असं, की माळ नांगरला जातो म्हणून माती वाहून धरणात जाते आणि धरण गाळानं भरतं. एक वर्ष माळाला विश्रांती दिली तर गवत येईल, माती थांबेल. ते गवत गाव आणि वस्ती या दोघांनी मिळून राखावं, मिळून कापावं. मग भांडणही मिटेल. परदेशात म्हणे समुद्रकाठी मूळचे लोक आणि मागून आलेले लोक यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. आता ते एकत्र बसतात, खाडी, मासळी, झाडं दोघं मिळून सांभाळतात. तिथल्या विद्यापीठांत हा शिकवायचा विषय झाला आहे.

वहिनीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं किनारा कुनाच्या नावावर हाय, सर?"

"तो वाद अजून चालू आहे," सर म्हणाले.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. सरपंच राधाकिशन नेहमी प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारा माणूस, पण त्या दिवशी चटकन कबूल झाला. गाव गुरं सोडणार नाही, वस्ती नांगर घालणार नाही, एक वर्ष. वर तो आमच्या वस्तीत चहाला आला. तोपर्यंत गावचा कुणी सरपंच आमच्याकडचं पाणीसुद्धा प्यायला नव्हता. राधाकिशननं कप खाली होईपर्यंत चहा घेतला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया त्या रिकाम्या कपाकडं बघत राहिल्या, आणि मला वाटतं, आम्ही तिथंच हरलो.

त्या संध्याकाळी वहिनी चुलीपुढं बसून म्हणाली, "कडंला एक तास हुलग्याचं टाकते, नांगराची एकच ओळ. कुनाला दिसनार बी न्हाई."

"आई, तू एक तास पेरलंस तर ते एक म्हैस सोडतील," माया म्हणाली. "आपण शब्द दिलाय. सरांनी एवढं जमवून आणलं, ते मोडायचं कावून?"

"तुझा बाप कधी हुकला न्हाई."

"बाप त्यापायीच गेला ना? मला तुलाही तसंच घालवायचं नाही, आई."

हे ती भांडून बोलली असती तर वहिनीनं ऐकलं नसतं. ती रडत बोलली. मी म्हणालो, "वहिनी, टाका थोडा हुलगा." वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "भावजी, तुमी इंजनाचं बघा. पोरगी शिकलीय ती कशापायी? तिचं बी न्हाई ऐकायचं तं मग शिकवायचं तरी कावून?"

त्या वर्षी गवत लई आलं. खोटं कशाला सांगू, माळ देखणा दिसत होता. गुडघाभर पवन्या, मधून मधून मारवेल, तितर उडायचे. माया आणि सर महिन्याला यायचे, लाकडी चौकट गवतावर ठेवायचे आणि आतल्या काड्या मोजायचे. वहिनी बांधावर बसून बघायची. नांगराशिवाय पावसाळा कसा घालवायचा हे तिला कळत नव्हतं. ती दुसऱ्याच्या कापसात खुरपायला जायची आणि येताना वाट वाकडी करून माळावर जायची.

एकदा तिला छबुबाईच्या तुकड्यात, मोठ्या दगडाच्या आडोशाला, हुलगा दिसला. छबुबाई आमची शेजारीण, विधवा, तोंडानं फटकळ. वहिनी तिला म्हणाली, "छबे, शब्द दिलाय आपुन." छबुबाई म्हणाली, "शब्द तू दिलास. मी नुसता चहा पेले." दोघींचं बोलणं बंद झालं.

आणि दिवाळीनंतर तलाठी आला.

गायरान कसणाऱ्या आमच्यासारख्या भूमिहीनांची जमीन त्यांच्या नावावर करायची, असा सरकारी हुकूम निघाला होता. नव्वदच्या आधीपासून कसताय आणि आजही कसताय, एवढं पंचनाम्यात दिसलं पाहिजे. ज्याच्यासाठी वडिलांनी दगड वेचले, ज्याच्यासाठी भावानं डोकं फोडून घेतलं, तो कागद अखेर निघाला होता. हुकूम वर्षभर जुना होता; तालुक्याहून आमच्या गावात पोचायला त्याला एवढा वेळ लागला. राधाकिशनला तो चहा पितानाच ठाऊक होता का, हे मला आजही सांगता येत नाही. पण ज्याला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायची खोड, तो एवढ्या चटकन हो म्हणाला, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

निरोप आला तशी मी रजा टाकून गेलतो. सरही नेमके त्याच दिवशी मायाला घेऊन जीपनं आलते, गवत मोजायला. माळावर तलाठी, राधाकिशन, गावातले दोन पंच आणि आमच्या चार घरांची माणसं. छबुबाईनं तलाठ्याला हाताला धरून दगडामागं नेलं आणि हुलग्याची धसकटं दाखवली. त्यानं लिहून घेतलं. मग तो आमच्या तुकड्यावर आला.

"मावशी, यंदा काय पेरलतं?"

"हुलगा," वहिनी म्हणाली. "काढून नेला."

मी तिला जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाज चांगला ठणठणीत होता. तलाठ्यानं गवताकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ऊन डोक्यावर आलतं, त्याला अजून दोन गावं करायची होती, आणि माणूस तसा उलट्या काळजाचा नव्हता. त्यानं मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

तेवढ्यात सर पुढं झाले. "थांबा, भामाबाई, असं कशाला सांगता? यात लपवण्यासारखं काय आहे? अभिमानानं सांगा ना." मग तलाठ्याकडं वळून म्हणाले, "साहेब, या बाईंनी वर्षभर या जमिनीला नांगर लावलेला नाही. गावाच्या समेटासाठी. हे सगळं गवत त्यांच्या त्यागाचं आहे. तुमच्या कागदात हे यायला हवं."

तलाठ्याचा हात थांबला. सरांना हुकूम माहीत नव्हता असं नाही. निरोप मायालाही पोचलता, जीपमध्येच तिनं त्यांना सांगितलं होतं. पण त्यांना वाटलं, एवढा मोठा त्याग सरकार बघेल आणि जमीन तर देईलच, वर शाबासकीही देईल. सरकारशी त्यांची गाठ पगारापुरतीच पडलेली.

तलाठ्यानं मायाला विचारलं, "ताई, तुमी ह्यांच्या मुलगी ना? तुमी तर इथं येऊन मोजमाप करता. खरं काय हाय?"

मायाच्या हातात ती लाकडी चौकट होती. ती तिनं गवतात खाली ठेवली. "आई म्हणते ते खरं आहे," ती म्हणाली. "हुलगा होता. मी बघितलाय."

"माया," सर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती."

राधाकिशनला बोलायची गरज पडली नाही. एकीकडं विद्यापीठाचे प्राध्यापक, दुसरीकडं वस्तीतली एक विधवा आणि तिची पोरगी. तलाठ्यानं आधी लिहिलेली ओळ खोडली आणि 'पडीक, गवत' असं लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. उरलेल्या दोन्ही घरांचंही तेच झालं. चार घरांत जमीन एकटीच्या नावावर झाली, छबुबाईच्या. जिनं शब्द मोडला ती तरली.

सरांना उशिरा का होईना, कळलं. ते मला शोधत डेपोत आले, तेलकट बाकड्यावर बसले. "पंडितराव, मी खरं तेच बोललो हो," म्हणाले. मी म्हणालो, "सर, खरं बोलायला तुमाला काय लागलं? तुमचं काय जानार हुतं?" ते डोळे पुसत होते, आणि मला त्यांची कीवही येत होती, संतापही येत होता. नंतर त्यांनी तहसीलला खेटे घातले, अर्ज केले, पण ते सगळं वरातीमागून घोडं.

माया म्हणाली, मी शिक्षण सोडते. वहिनीनं तिची पेटी स्वतः भरली. "जमीन गेली. आता पोरगी बी घालवू का? जा, आन्‌ पास हो." ती सरांच्याच हाताखाली पास झाली. तोंडी परीक्षेत म्हणे तिला माळावरच्या गवताबद्दल विचारलं, आणि तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली. त्यानंतर ती गावात राहायला कधी आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर झाडं लावायचं सरकारी काम निघालं. पडीक जमीन, गवत चांगलं येतं, मग झाडंही येतील, असा हिशेब. खड्डे खणायला रोजगार हमीवर बाया घेतल्या, त्यात वहिनी. मी म्हणालो, वहिनी, मी देतो ना घरात, तुमी तिथं जाऊ नका. ती ऐकली नाही. मी बघायला गेलो तर बाकीच्या बाया आमच्याच तुकड्यात होत्या, तिथली माती मऊ म्हणून. वहिनी एकटी पार टोकाला खडकात पहार घालत होती. मुकादम मला म्हणाला, "म्हातारी येडी हाय का? मऊ जागा दिली तं नको म्हनली, मला खडकातलं द्या म्हनली."

ती वेडी नव्हती. सासऱ्यानं आणि नवऱ्यानं केलेली माती तिला खणवत नव्हती, एवढंच.

पाऊस झाला, रोपं लागली. महिन्याभरानं मला डेपोत निरोप आला की वहिनीला बरं नाही. मी गेलो तर ती घरी नव्हती, माळावर कामावर होती. आमच्या जुन्या तुकड्यातल्या प्रत्येक रोपाच्या बुडाशी हिरवागार हुलगा उभा होता, हातभर. कधी टाकला, किती मुठी टाकला, तिनं कुणाला सांगितलं नाही. मुकादम बांधावरून ओरडत होता, झाडाभोवतीचं तण साफ करा, आज साहेब येणार आहेत.

वहिनी बसून हुलगा उपटत होती. एकेक रोप मुळासकट, माती झटकून, ओळीनं ठेवत होती. अंगात ताप होता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि तिच्याबरोबर उपटायला लागलो.

शेवटचं रोप तिनं हातात धरून ठेवलं. "भावजी," ती म्हणाली, "ह्या बी साली पीक आलतं. पंचनाम्याला कुनी आलं न्हाई."