टेबलावरची चादर

“आई, बंदुकीचा दस्ता कुठला ते त्यांना ठरवू दे. तू मध्ये बोलू नकोस,” थोरला म्हणाला. माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलापाशी मला गप्प बसवण्याइतका तो मोठा झाला, ही बातमी मला तेव्हाच समजली.

टेबलावर मामंजींची लष्करी रायफल आडवी ठेवली होती. लढाईत तिचा लाकडी दस्ता फुटला, मामंजींनी स्वतः नवा घडवला आणि तिच्याच जोरावर लुटारूंना दारातून परतवले, असे आमच्या घराण्यात सांगितले जाते. रायफल आता संग्रहालयात जाणार होती आणि तिच्या पाटीवर हेच कोरले जायचे होते. त्याआधी लाकडाची खात्री करायला तिथल्या तज्ज्ञ बाई आल्या होत्या.

त्यांनी भिंग लावले, अंगठा फिरवला.

“हे कारखान्याचं काम नाही. घरातल्या सामानाचं लाकूड आहे. ही जुनी भोकं बघा, खुंट्या ठोकून बुजवलीत. आणि गाल टेकायची खोलगट जागा उजव्या अंगाला केलीय. म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला लावायचे. आजोबा डावखुरे होते?”

“छे हो! आम्ही डाव्या हातात चमचा धरला तरी खेकसायचे.” थोरला हसला आणि हसता हसता थांबला.

“मग घरात डावखुरं कोण?”

“वन्सं. माझ्या नणंदबाई,” मी म्हणाले.

“आत्या? काहीतरीच! ती भित्री होती. आजोबाच सांगायचे.”

“सांगायचेच. त्या दिवसांत ते पाय मोडून माडीवर पडले होते. पडण्यात लाज नव्हती रे. लाजिरवाणं ते नंतर वागले.”

“आता कशाला उकरून काढतेस? आजोबांची अब्रू—”

“अब्रू काय पुरुषांनाच असते? उचल ती रायफल.”

त्याने उचलली. मी टेबलावरची चादर ओढली. परक्या माणसांसमोर ती काढायची नाही, बदलायची तर दार लावून, हा मामंजींचा दंडक होता. खाली जाड, काळपट फळ्या होत्या आणि कडेला एकच फळी फिकट, परक्या लाकडाची.

बाईंनी दस्ता शेजारच्या काळपट फळीला लावून पाहिला. रंग तोच, रेषा त्याच, खुंट्याही तशाच.

“करवत वन्संच्या हातात होती, फळीचं टोक मी धरलं होतं,” मी सांगितले. “माडीवरून मामंजी ओरडत होते, टेबलाचं वाटोळं केलंत म्हणून. वन्सं म्हणाल्या, ‘वहिनी, जेवायला माणसं उरली तर टेबलाचं बघू.’ मग दारात उभ्या राहिल्या त्याही वन्संच.”

थोरल्याने फिकट फळीवरून बोट फिरवले. “दोघांचीही नावं घालू या का?”

“मामंजींनी या दस्त्याला कधी रंधासुद्धा लावला नाही. पाटीवर वन्संचं नाव येणार असेल तर रायफल जाईल. नाहीतर ती इथेच राहील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे टेबल दाखवीन.”

बाईंनी पेन उघडले. थोरल्याकडे न पाहता त्या मला म्हणाल्या, “पूर्ण नाव सांगा.”

मी सांगितले. सावकाश, एकेक अक्षर सुटे करून.

त्या गेल्यावर थोरल्याने सवयीने चादर झटकली आणि पसरायला घेतली. मी फिकट फळीवर हात ठेवला.

“राहू दे.”

त्याने घडी घालून ती कपाटात ठेवली. संध्याकाळी पाने उघड्या लाकडावर मांडली गेली. थोरल्याने आपले ताट उचलले आणि फिकट फळीवर घेतले.